ठिबकाशिवाय थेंब नाही

मी विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात काम करतो. दारावरच्या पाटीवर विभागाचं नाव वेगळं आहे, पण काम तेच. कुणाचं घर जळतं, तो बिचारा कागद पाठवतो, आणि आम्ही पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं एखादं कलम शोधून त्याला सविनय कळवतो की, आपल्याकडची आग आमच्या आगीच्या व्याख्येत बसत नाही. दिवसभर इतकं कठोर काम करून घरी आलेल्या माणसाला घरात मात्र कुणी विचारत नाही. 'आज भोपळा नको' इतका साधा नकारसुद्धा माझ्या घरात कधी टिकलेला नाही. टिकला तो एकच, आणि तो कसा टिकला हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमच्या दारासमोर, पायरी आणि रस्ता यांच्या मधे, मातीचा एक अरुंद पट्टा आहे. जागा सोसायटीची, पण झाडं आमची. मोगऱ्याचा वेल, एक लिंबू, थोडे गुलाब, आणि या सगळ्यांच्या मधोमध आईची खुर्ची. आईचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तिचं बाहेर जाणं म्हणजे दारातून त्या खुर्चीपर्यंत. सकाळी उजाडलं की ती तिथे जाऊन बसते आणि रस्ता बघते. कोण कामावर उशिरा निघालं, कुणाच्या पिशवीतून काय डोकावतंय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालंय, हे सगळं तिला तिथून कळतं. मी वर्तमानपत्र घेतो ते केवळ सवयीनं. बातम्या मला आईच सांगते.

या पट्ट्यावर आमच्या चेअरमनसाहेबांचा डोळा होता. साहेबांनी दुसरी गाडी घेतली आणि ती ठेवायला त्यांना जागा उरली नाही. सरळ 'मला तुमचा पट्टा द्या' असं म्हणणारा माणूस तो नव्हे. त्यांनी पाणीटंचाईची वाट पाहिली. उन्हाळा तापला, नळाला पाणी अर्धाच वेळ यायला लागलं, आणि साहेबांनी सभा बोलावली. पाइप लावून झाडांना पाणी घालायला बंदी, इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग साहेब हळूच म्हणाले, "आता पाणीच नाही म्हटल्यावर झाडं काय, वाळणारच. तर तो समोरचा पट्टा फरशी घालून पार्किंगला घेऊन टाकू. सर्वांच्या सोयीसाठी."

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आई खुर्चीत बसलीय आणि तिच्या नाकासमोर रस्त्याऐवजी चेअरमनच्या गाडीचा बंपर. मी उठून उभा राहिलो. उठून काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि सगळे तर माझ्याकडे बघायला लागले होते. आदल्या दिवशी दाढी करताना रेडिओवर ठिबक सिंचनाबद्दल काहीतरी ऐकलं होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"आम्ही ठिबक बसवणार आहोत," मी म्हणालो. "ठिबकाशिवाय एक थेंबही घालणार नाही. आणि महिन्यानं बाग हिरवीगार नसेल, तर मला विचारा!"

हे 'मला विचारा' नडलं. साहेबांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. त्यांना स्वतःच्या लेखनाचा फार अभिमान. "मी मोजकंच लिहितो," असं म्हणत त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: "एक. पट्ट्यातील झाडांना ठिबकाखेरीज पाणी घालू नये. दोन. महिन्याअखेर झाडे पाण्याअभावी वाळल्यास पट्टा पार्किंगसाठी घेण्यात येईल." सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, सही करण्यापूर्वी सवयीनं मागची बाजूसुद्धा पाहून घेतली. मागे काही नव्हतं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, ठिबक म्हणजे काय असतं ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"थेंब थेंब पाणी पडतं."

"तसं तर आपल्या न्हाणीघरातल्या नळातूनही पडतं. वर्षभर सांगतेय, दुरुस्त करा म्हणून. तोच नेऊन लावा झाडांना."

आई एवढंच म्हणाली, "बघ बाबा. माझी खुर्ची तेवढी सांभाळ." आई टोमणा मारते तेव्हा मला काही वाटत नाही. पण ती साधं बोलली, म्हणजे घाबरली होती. त्या क्षणी मी ठरवलं की काय वाटेल ते होवो, तो पट्टा मी सोडणार नाही.

सोसायटीच्या नियमाप्रमाणे नळाला कुठलंही नवं जोडकाम करायचं तर पाणीपुरवठा कार्यालयाची परवानगी लागते. मी गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ठिबक? मग ते शेतीकडे. आमच्याकडे फक्त पिण्याचं." शेतीच्या कार्यालयातले गृहस्थ चांगले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पीक कुठलं विचारलं. मी म्हणालो, मोगरा, लिंबू आणि गुलाब. त्यांना आनंद झाला. क्षेत्र किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला हातांनीच दाखवावं लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे एक खुर्ची मावेल इतकं?"

"खुर्ची आहेच तिथे."

शेवटी 'सदर इसमास ठिबक बसविण्यास या कार्यालयाची हरकत नाही, कारण या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही' असा दाखला घेऊन मी पहिल्या खिडकीवर परत आलो. बाईंनी तो वाचून शिक्का मारला. दाखल्यावर माझ्या नावापुढे 'शेतकरी' असं लिहिलेलं होतं. तेव्हापासून आई मला ऑफिसला निघताना "शेतावर निघालास का?" असं विचारते.

मग दुकान. दुकानदारानं माझ्यासमोर काळ्या नळ्यांचं भेंडोळं टाकलं, मूठभर प्लॅस्टिकच्या तोट्या ओतल्या, एक गाळणी आणि एक टायमर दिला. ते सगळं जोडलं की झालं, असं तो म्हणाला. 'की झालं' म्हणणाऱ्या माणसांपासून जपून राहावं, हे मला आता कळतं.

जोडणीच्या दिवशी शेजारचे काका कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून हजर. हे निवृत्त इंजिनियर. पुलांची कामं केलीत म्हणतात, कुठले पूल ते सांगत नाहीत. त्यांना सगळी कॉलनी प्रेशरकाका म्हणते, कारण विषय कुठलाही असो, ते शेवटी म्हणतात, "प्रेशर बघा." भात कच्चा राहिला, प्रेशर बघा. मुलगा नापास झाला, प्रेशर बघा. त्यामुळे मी गच्चीवरच्या टाकीपासून थेट नळी आणतोय हे पाहून ते "अहो, आधी प्रेशर बघा" असं म्हणाले, तेव्हा मी लक्षच दिलं नाही. नेमकं त्याच वेळी द्यायला हवं होतं.

मी नळाची चावी सोडली. क्षणभर काही झालं नाही. मग नळ्या फुगल्या, आणि त्यांच्यात खोचलेल्या तोट्या एकेक करून सुटायला लागल्या. बंदुकीतून सुटाव्यात तशा. पहिली प्रेशरकाकांच्या चष्म्यावरून गेली. दुसरी लिंबात घुसली. तिसरीनं वाट मोकळी केली आणि तिच्यामागून जी धार उडाली, ती नेमकी इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला निघालेल्या चेअरमनसाहेबांना लागली. एरवी आमच्या नळाला इतकं पाणी कधी येत नाही.

"यालाच ठिबक म्हणतात का?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या नाकावरून मात्र बरोबर ठिबकत होतं.

"चाचणी चालू आहे," मी म्हणालो आणि मान ताठ ठेवली. मान ताठ ठेवायला काही लागत नाही. पायातली एक चप्पल वाहून गेली होती, तरी मान ताठ ठेवता आली.

पुढचे काही दिवस मी अंघोळीला बसलो की टायमर सुरू व्हायचा, आणि अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत माझ्या वाट्याचं पाणी गुलाबांना जायचं. हिनं स्वयंपाकघराचा नळ सोडला की ठिबक बंद पडायचं. पण मी मागे हटलो नाही. टायमर पहाटेचा लावला, प्रेशर कमी करणारी चकती बसवली (हो, काकांच्या सांगण्यावरून, पण ते जाऊ दे), प्रत्येक रोपाच्या बुडाशी एकेक तोटी खोचली, आणि एका सकाळी अखेर ठिबक ठिबकायला लागलं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.

आम्ही सगळे वाकून बघत होतो.

"एवढंच?" ही म्हणाली.

"एवढंच. मुळाशी जातं. वरची माती कोरडीच राहते. तीच तर खुबी आहे."

"पाणी घातल्यासारखं वाटत नाही रे," आई म्हणाली. "घातलं की कसा आवाज यायला हवा. मातीचा वास यायला हवा."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आयुष्यभर आपण पाणी घालणं म्हणजे बादली ओतणं असंच समजत आलो. माती काळी झाली, आळं तुडुंब भरलं, की मगच झाड प्यालं असं वाटतं. कोरड्या दिसणाऱ्या मातीकडे बघून 'आत ओल आहे' यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं नाही. म्हणून मी ऑफिसला जाताना पाण्याची बाटली लिंबाच्या बुडाशी रिकामी करू लागलो. त्याला पाणी घालणं म्हणत नाहीत. त्याला तपासणी म्हणतात. अर्थात हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण ठरावाचं पहिलं कलम, आणि भर सभेत मीच मारलेली फुशारकी.

आठवडा उलटला आणि पानं पिवळी पडायला लागली.

आधी गुलाबाची. मग मोगऱ्याची. लिंबाची पानं तर नुसतं बोट लावलं तरी गळायची. ही म्हणाली, "मी सांगत होते, पाणी कमी पडतंय." प्रेशरकाका भिंतीवरून म्हणाले, "मुळांना प्रेशर येत नाहीये." मी बाटली दुप्पट केली. पानं आणखी पिवळी झाली. चेअरमनसाहेब येता-जाता थांबून पट्ट्याकडे बघत, आणि एकदा तर ते पावलं टाकत लांबी मोजताना मला दिसले. गाडी किती आत येईल, ते बघत असणार.

आईनं खुर्ची थोडी मागे सरकवून घेतली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "सवय करून घेतेय." त्या रात्री मला भाकरतुकडा गोड लागला नाही.

आणि मग माझ्यातला विमावाला जागा झाला. मी पट्ट्यात बोट खुपसून पाहिलं. माती कोरडी नव्हती. चिखल होता. ठिबकानं इतका चिखल होणं शक्यच नव्हतं, आणि माझ्या बाटल्यांनीही नाही. म्हणजे कुणीतरी काहीतरी ओततंय. आता कुणाला फायदा आहे? आमच्याकडे दावा आला की हाच पहिला प्रश्न. फायदा एकाच माणसाला होता, आणि त्याच्याकडे दोन गाड्या होत्या. मिठाचं पाणी! नाहीतर साबणाचं! अशा माणसाला रंगेहाथ पकडायचं, आणि सगळ्या कॉलनीसमोर त्याचा पाणउतारा करायचा.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत मी उठलो आणि पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरच्या कव्हरखाली शिरून बसलो. बाटली बरोबर होती, कारण तपासणी काही चुकवायची नव्हती. कव्हरला एक भोक आहे, त्यातून पट्टा छान दिसतो.

दार वाजलं. आई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. जी बाई डॉक्टरांनी व्यायाम सांगितला की पाय हलत नाहीत म्हणते, ती सरसर मोगऱ्यापाशी आली, तांब्या ओतला, "पी बाई, पी, सांगू नको कुणाला," असं म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात मागच्या दारानं ही आली. भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. इकडेतिकडे पाहून तिनं ते गुलाबांना दिलं आणि पदरानं जमीन पुसल्यासारखं केलं. मग भिंतीवरून एक लांब चोचीची झारी आत आली. तिच्यामागे प्रेशरकाका. लिंबाला त्यांनी भरपूर पाजलं, आणि जाताना तोंडातल्या तोंडात "प्रेशर, प्रेशर" म्हणत गेले.

आणि मग रस्त्याकडून चोरपावलांनी एक आकृती आली. आला, मी म्हटलं. गुन्हेगार आला. मी कव्हर भिरकावून उभा राहिलो आणि गर्जना केली, "थांबा!"

त्या चेअरमनवहिनी होत्या. हातात जग. दचकून त्यांनी तो सगळा माझ्या अंगावर रिकामा केला.

"भाऊजी, तुम्ही होय!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "रोज येते हो मी. बघवत नाही मला. तुमच्या आई रोज सकाळी मला हाक मारतात, 'आज लवकर निघालीस का' विचारतात. सगळ्या कॉलनीत तेवढं एकच माणूस मला काहीतरी विचारतं. ती खुर्ची गेली तर...?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एव्हाना पट्ट्यात पाणी नव्हतं अशी एकच जागा म्हणजे ठिबकाची तोटी असावी.

माझ्या गर्जनेनं आई बाहेर आली, ही बाहेर आली, काकांचं डोकं भिंतीवर आलं. आणि पहाटेच्या फेरीवर निघालेले चेअरमनसाहेबही आले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. तांब्या, पातेलं, झारी, माझ्या हातातली बाटली, आणि शेवटी बायकोच्या हातातला स्वतःच्याच घरचा जग.

"सापडलात!" साहेब म्हणाले. "कलम एक. ठिबकाखेरीज पाणी घालू नये. उद्याच फरशीवाल्याला बोलावतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि मला वाटलं होतं की मी आता घाबरेन. पण काय सांगू, मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. कलम म्हणालात साहेब? कलमांवरच तर आमचं घर चालतं.

"कलम एक मोडलं," मी म्हणालो. "कबूल. सगळ्यांनी मोडलं, तुमच्या घरानंसुद्धा. पण ते मोडल्यास काय करायचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही मोजकंच लिहिता."

"मग कलम दोन आहे! झाडं मेलीयेत डोळ्यांदेखत!"

"कलम दोन म्हणतं, 'पाण्याअभावी वाळल्यास.' हात घालून बघा मातीत. घाला! ही झाडं वाळलेली नाहीत, साहेब, बुडालीयेत. पाणी नाही म्हणून नाही, पाच जणांचं पाणी प्यायला लागलं म्हणून. आपण नमूद केलेलं नुकसान आणि झालेलं नुकसान यांत फरक असल्यामुळे..." इथे मी जरा थांबलो, कारण हे वाक्य मी आजवर हजारदा लिहिलंय पण कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, "...आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे."

साहेबांचं तोंड उघडलं. "हा शब्दांचा खेळ झाला! सभा बोलावतो मी. मतं घेतो."

"घ्या की," आई म्हणाली. ती काठी टेकत आली आणि चिखलात रुतलेली खुर्ची हिसका देऊन पुढे ओढून, होती तिथे, रस्त्याला अगदी लागून ठेवली. मग बसली. "मतं घ्या, फरशा घाला, गाडी आणा. मी काही इथून उठत नाही. घालायच्या तर माझ्याभोवतीनं घाला."

"आणि एक मत माझं आहे बरं का," वहिनी म्हणाल्या, आणि जग कमरेवर धरून आईच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे न बघता.

"प्रेशर बघा," काका भिंतीवरून साहेबांना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द योग्य जागी वापरला.

सभा झालीच नाही. साहेबांनी दुसरी गाडी मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली, आणि तिथे एक झाड तिच्यावर रोज फुलं सांडतं म्हणतात.

त्या सकाळीच मी माझा तो एकमेव टिकलेला नकार दिला. पट्ट्याच्या कडेला उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की यापुढे इथे कुणीही, कसलंही पाणी, कितीही माया आली तरी घालायचं नाही. ठिबकाशिवाय थेंब नाही. ही म्हणाली, "आणि तुमची बाटली?" मी ती तिच्या हातात दिली. त्यावर कुणी काही बोललं नाही. घरात माझ्या बोलण्यावर कुणी काही बोलत नाही म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. छान वाटतं.

पण सवय अशी सुटत नाही. आईचा हात तांब्याकडे जायचा, प्रेशरकाका रिकामी झारी घेऊन भिंतीशी घुटमळायचे. शेवटी मी एक मोठी कुंडी आणली, तिच्यात कर्दळ लावली, कारण तिला कितीही पाजलं तरी ती तक्रार करत नाही, आणि कुंडी आईच्या खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवली. ज्याला माया येईल त्यानं धुण्याभांड्याचं उरलेलं पाणी तिथे ओतावं. ठिबकानं हळूहळू आपलं काम केलं. माती घट्ट झाली, लिंबाला नवी पोपटी पालवी फुटली, आणि मोगऱ्यावर, तो मेला असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यावर, एक कळी आली. ती बघायला मी ऑफिसला उशिरा गेलो.

परवा सकाळी मी खिडकीतून बघतोय, तर चेअरमनसाहेब फेरी मारून येताना पट्ट्यापाशी थांबले. इकडेतिकडे पाहिलं. टोपीखालून, देवाशपथ, त्यांनी एक छोटी बाटली काढली आणि कर्दळीवर वाकले.

आई खुर्चीत होती. तिनं जरा मान वाकडी करून पाहिलं.

"घाला, घाला," ती म्हणाली. "पण पलीकडून घाला. मला रस्ता दिसत नाही."

आणि साहेब, मुकाट्यानं, बाजूला झाले.